साठ कुंड्या

बाग स्पर्धेचा पहिला नंबर सलग तीन वर्षं सलोनीच्या चऱ्होलीच्या बागेला गेला होता, आणि थेरगावच्या बागेची सुपरवायझर मिनल तीन वर्षं आतल्या आत जळत होती. दोन्ही बागा एकाच ठेकेदाराकडे. दोन्हीकडं मांडायच्या शेवंतीच्या साठ कुंड्याही त्याच. थेरगावची बाग बघून परीक्षक चहाला गेले की कुंड्या टेम्पोत चढायच्या आणि ते पोचेपर्यंत चऱ्होलीच्या हिरवळीवर मांडलेल्या असायच्या.

"नटवायचं मी, आणि मिरवायचं तिनं!"

यंदा मिनलनं स्पर्धेच्या आदल्या दिवशीच माळ्यांना बसवून सगळी शेवंती कुंड्यांतून काढली आणि जमिनीत लावून टाकली. टेम्पोवाला आला तेव्हा म्हणाली, "ने की. कुंड्या रिकाम्याच आहेत."

संध्याकाळी निकाल लागला. पहिला नंबर चऱ्होली. मिनलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं तडक सलोनीला फोन लावला. "काय मांडलं होतंस गं एवढं?"

"काहीच नाही, ताई. कुंड्या आल्याच नाहीत. हिरवळ मोकळी दिसायला लागली, मग म्हटलं, आजच्या दिवस बसू दे लोकांना. म्हाताऱ्यांनी पत्ते मांडले, बायकांनी डबे उघडले, पोरं लोळली. परीक्षक म्हणाले, सकाळपासून नुसती फुलंच बघतोय, बागेत माणसं इथंच दिसली. तुमच्याकडं काय म्हणाले?"

मिनलनं बागेकडं पाहिलं. शेवंती रांगेत डोलत होती. फुलांना कुणाचा हात लागू नये म्हणून सकाळी तिनंच गेटला घातलेलं, फक्त परीक्षकांपुरतं काढलेलं कुलूप अजून गेटवरच होतं.