माहितीस्तव सादर

“दर मंगळवारी साहेबांच्या ऑफिसात जातोस की नाही? एवढंच सांग,” हेडक्लार्कबाईंनी विचारलं.

“जातो,” ड्रायव्हर म्हणाला.

खोलीत कुजबुज उठली. खोली बाईंच्या बहिणीच्या टायपिंग क्लासची. सोमवारी क्लासला सुट्टी, म्हणून सहा महिने संघटनेची बैठक तिथेच भरत होती. सरकारने शाखा बंद केली आणि लेखणीच्या एका फटकाऱ्यात चौऱ्याण्णव जणांना घरी बसवलं. त्या दिवसापासून या माणसांची मोट बाईंनीच बांधून ठेवली होती. कोणाच्या पोराला शाळेतून काढायला निघाले, बाई धावल्या. कोणी घरात तोंड लपवून बसला, बाईंनी त्याला हाताला धरून बैठकीला आणलं. आणि आता कोर्टात जायची वेळ आली, तर घरभेदी निघावा!

घरभेदी होता, यात शंकाच नव्हती. मोर्चा ठरवला, तर पोलीस आधीच गेटवर हजर. निवृत्त अधिकाऱ्याची साक्ष घ्यायची ठरली, तर संचालक साहेबांचा फोन त्याला आदल्या दिवशीच गेलेला. त्याने दारही उघडलं नाही. कुठेतरी पाणी मुरतंय, हे शेंबड्या पोरानेही सांगितलं असतं. बाई तर चहा देणाऱ्याकडेसुद्धा वाकड्या नजरेने बघायला लागल्या होत्या.

त्यात मागच्या बैठकीत रेकॉर्डकीपरबाईचं नाव निघालं होतं. ती अजून साहेबांच्याच ऑफिसात नोकरीला होती. शाखा नुसती नावाला बंद झाली, काम ठेकेदाराला दिलं, हे सांगणारी मूळ फाईल तिच्या कपाटात होती. कोर्टात खरं बोलायला ती तयार होती. तिचं नाव फुटलं तर फाईल गायब होणार आणि तिची भाकरीही जाणार. आठवडाभर बाईंच्या घशाखाली घास उतरला नव्हता.

“मी स्वतः बघितलंय,” टायपिस्ट म्हणाली. “सलग तीन मंगळवार. हातात पाकीट घेऊन गेटातून आत शिरताना.”

“कशाला जातोस? कोणाचं पाकीट?” बाईंनी विचारलं.

ड्रायव्हरने मान वर केली. वीस वर्षं त्याने साहेब लोकांची गाडी चालवली होती. आरशातून मागचं सगळं बघायचं आणि तोंडाला कुलूप ठेवायचं, ही त्याची सवय.

“हे तुम्ही मला विचारता, बाई?”

बाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. चोर तो चोर, वर शिरजोर!

“चालता हो,” त्या ओरडल्या. “या खोलीत पुन्हा पाऊल टाकायचं नाही.”

त्याने हेल्मेट उचललं आणि तो जिना उतरून गेला. भांडला नाही, शिवी दिली नाही. म्हणजे मनात खोट होतीच, असं सगळ्यांचं एकमत झालं. टायपिस्ट म्हणाली, “गेली एकदाची पीडा.” बाईंना सहा महिन्यांत पहिल्यांदा जरा हलकं वाटलं.

तेवढ्यात कोपऱ्यात मान खाली घालून लिहीत बसलेले जावककाका खाकरले. शाखेतून बाहेर जाणारा प्रत्येक कागद तीस वर्षं काकांच्या हातून गेला होता. संघटनेच्या बैठकांचं इतिवृत्तही तेच लिहीत. अक्षर मोत्यासारखं. खाली बाईंची सही.

“बाई, एक अडचण झाली हो,” काका म्हणाले. “ड्रायव्हर गेला. आता साहेबांचं पाकीट पोचवायचं कोणी?”

“कसलं पाकीट?”

“इतिवृत्ताची प्रत. त्याच्या वाटेवर ऑफिस लागतं, म्हणून दर मंगळवारी त्याच्याकडेच देतो. आधी वरिष्ठांना कळवायचं, मग पुढची कार्यवाही. ही शिस्त तुम्हीच तर लावलीत आम्हाला.”

काकांनी फाईल बाईंपुढे सरकवली. पानाच्या तळाशी लिहिलं होतं, ‘प्रत : मा. संचालक साहेब, माहितीस्तव सविनय सादर.’ आणि त्याखाली बाईंची ठसठशीत सही. काकांनी पुढे केलेला कागद बाईंनी कधी वाचला होता? पंचवीस वर्षं नुसती सही ठोकली होती. सुंभ जळला होता, पीळ जागच्या जागी होता.

“मागच्या मंगळवारचंही गेलं?” बाईंनी विचारलं.

“गेलं ना. जावक क्रमांक चोवीस,” काका अभिमानाने म्हणाले.

चोवीसमध्ये रेकॉर्डकीपरबाईचं नाव होतं.

बाई पायात चप्पल न घालताच जिना उतरल्या. ड्रायव्हर खाली स्कूटरला किक मारत होता. ती सुरू होत नव्हती.

“चोवीस नंबरचं पाकीट,” बाईंना धाप लागली होती. “ते... ते दिलंस?”

त्याने डिकी उघडली आणि पाकीट काढून त्यांच्या हातात ठेवलं. डिंक लावलेलं, तसंच बंद.

“आधी वाटायचं, अर्जाबिर्जाचे कागद असतील,” तो म्हणाला. “तो निवृत्त अधिकारी फिरला, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. या खेपेला आत त्या बाईचं नाव असणार हे कळत होतं. गेटात शिरलो आणि तसाच माघारी आलो.”

“अरे, मग वर बोलला का नाहीस? सगळ्यांसमोर मी तुला एवढं...”

“काय बोलू? पाकिटावर प्रेषक म्हणून नाव तुमचं होतं, बाई. फितूर तुम्हीच, असं मी धरून चाललो होतो.” त्याने डिकी बंद केली. “पण मी एकटा गेलो, तर संघटना राहते. तुमचं नाव घेतलं असतं, तर उद्या या खोलीत कोण आलं असतं?”