अगदी मनातलं

"प्रभुदेसाई स्पष्ट म्हणाले, थिएटर टिकणार," तन्वी म्हणाली.

"संपणार म्हणाले. मी दोनदा ऐकलंय," निनाद म्हणाला.

कादंबरीकार प्रभुदेसाईंच्या पॉडकास्टबद्दल बोलता बोलताच या दोन चाहत्यांचं लग्न ठरलं होतं. सिनेमा हल्ली ज्याच्या त्याच्या आवडीप्रमाणे बदलायचा, शेवटासकट. पण हा तर एका माणसाचा आवाज होता, तो कसा बदलेल?

तन्वीने ॲपमध्ये श्रोता म्हणून दोघांची नावं एकत्र टाकून तोच भाग लावला. क्षणभर काहीच ऐकू आलं नाही. मग प्रभुदेसाई म्हणाले, "थिएटर टिकेलही, संपेलही."

निनाद हसला. तन्वीने फोन बंद केला.

"मूल हवं की नको, तो भाग ऐकून आपण दोघंही म्हणालो होतो, अगदी मनातलं बोलले," ती हळूच म्हणाली. "तुला काय म्हणाले होते ते?"