एमिलचा कायदा

"तू फक्त एमिलबद्दल बोल," गाडी चालवता चालवता आमदार जेरी स्टँको म्हणाला. "आकडेवारी द्यायला बाकीची माणसं आहेत."

एमिलची विधवा नोरीन हुडाक खिडकीबाहेर बघत होती. "त्याला आवडलं नसतं हे, जेरी. असं चारचौघांत नाव घेतलेलं."

"अगं, त्याच्या नावाने कायदा होतोय. वाईट काय त्यात?"

बंद पडलेल्या मॉलमध्ये कॅसिनो उघडायला परवानगी देणारं विधेयक आज समितीपुढे होतं. ते हाणून पाडायचं आणि एमिलच्या नावाचा कायदा करून ट्रकथांब्यांवरची जुगाराची यंत्रंही काढायला लावायची, असा जेरीने विडा उचलला होता. गंमत अशी, की काही वर्षांपूर्वी ती यंत्रं आणायला हात वर करणाऱ्यांत हाच पुढे होता. शाळांना पैसा मिळेल, म्हणाला होता. मग एमिल गेला आणि जेरीची झोप उडाली.

आमच्या गावात माणसाचा चेहरा नंतर, आधी त्याचा ट्रक ओळखतात. एमिलचा हिरवा ट्रक महामार्गावरच्या थांब्यामागे, काळ्या काचांच्या त्या यंत्रांच्या खोलीला लागून उभा दिसायचा. काचेच्या कारखान्यात कामाला जाताना मात्र एमिल पायी. तेही भर हिवाळ्यात. पेट्रोल वाचवतो आणि यंत्रात घालतो, असं लोक म्हणायचे. घर बँकेने घेतलं तेव्हा तर चर्चमध्ये पिरोगी, म्हणजे उकडलेल्या करंज्या, लाटणाऱ्या बायकांना लाटण्याहून जिभेचाच व्यायाम जास्त झाला.

"बायकोला रस्त्यावर आणलंन मेल्याने," त्या त्याला ऐकू जाईल असं म्हणायच्या. एमिलने कधी कुणाला उलट उत्तर दिलं नाही.

जानेवारीत कामावर जाताना तो रस्त्याकडेला छाती धरून बर्फात बसला, तो उठलाच नाही. मग सगळ्यांना त्याचा पुळका आला. मेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय.

"नोरीन, एक विचारू?" राजधानीतल्या विधानभवनाचा घुमट दिसायला लागल्यावर जेरी म्हणाला. "तू मला माफ केलंयस का?"

"तुला?"

"यंत्रं मी आणली."

"आणलीस. पण धरून आत कुणी ढकललं नव्हतं."

केवढं मोठं मन हिचं, असं जेरीला वाटलं. त्याला भरून आलं आणि जास्तच अपराधी वाटलं.

समितीची खोली भरलेली होती. नोरीनने हात वर करून शपथ घेतली. अध्यक्ष व्हिटकोंबबाई मऊ आवाजात म्हणाल्या, "सावकाश बोला, हुडाकबाई. घाई नाही."

तिने बोलायच्या आधीच कॅसिनोच्या बाजूचा एक आमदार खुर्चीत पुढे सरकला. "बाई, तुमच्या दुःखाचा मान राखून विचारतो. एका बेजबाबदार माणसाने बायकोचं घर उडवलं, म्हणून सगळ्या राज्याने रोजगार सोडायचा? तुमच्या नवऱ्यालाच जनाची नाही, मनाचीही नव्हती. त्याला कायदा काय करणार?"

"हे अती होतंय," जेरी उठून म्हणाला.

"बस खाली, जेरी." नोरीनने त्याच्याकडे पाहिलंही नाही. "या भल्या माणसाचं एक खरं आहे. लाज नव्हतीच. पण एमिलला असं बोलायचं नाही. जिवंतपणी गाव बोललं, मी ऐकून घेतलं. आता नाही ऐकणार."

व्हिटकोंबबाईंनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. नोरीनने तो घेतला नाही.

"एमिलने आयुष्यात त्या खोलीत पाऊल टाकलं नाही," ती म्हणाली. "त्याला पायी जावं लागायचं, कारण ट्रक घेऊन मी तिथे बसलेली असायचे."