यजमानीण

डॉक्टरीण आणि ग्रंथपालबाई, दोघी मैत्रिणी, एका जुन्या घराच्या बागेत चित्रं काढण्यात इतक्या गढून गेल्या होत्या, की बुटकी कधी उठून गेली ते कुणालाच कळलं नाही.

उंचीला ताडमाड, म्हणून शाळेपासून तिचं नाव बुटकी. जुनी घरं, जुन्या बागा बघायच्या आणि तिथंच बसून चित्रं काढायची, ही टूम तिचीच. हल्ली मात्र ती कोरा कागद मांडीवर घेऊन नुसती बसायची. बोलता बोलता मैत्रिणींची नावंसुद्धा तिच्या आठवणीतून निसटायची.

"अगं, ही कुठं गेली?" डॉक्टरीण दचकून म्हणाली.

ग्रंथपालबाई रंगाचा हात तसाच घेऊन घराकडे धावली, मागोमाग डॉक्टरीण. कुणा धनवंताचं जुनं घर, आता तिकीट काढून बघायचं. दिवाणखान्यात दोरी बांधलेली. बुटकी दोरीच्या पलीकडे होती. चपला कडेला नीट काढून ठेवल्या होत्या आणि ती रुमालाने खुर्च्या पुसत होती.

"आलात? बसा गं. पाहुण्यांसारख्या उभ्या काय राहता?"

पहारेकरी तावातावाने पुढे आला. ग्रंथपालबाईने हात जोडले. "दादा, जरा थांबा. तिला सगळं आठवत नाही हल्ली."

"तुम्हीही टेका हो," बुटकी त्याला म्हणाली. "दिवसभर उभेच असता."

पहारेकरी खिडकीशी जाऊन बाहेर बघत राहिला.

दोघी खुर्च्यांच्या काठावर टेकल्या. बुटकी कौतुकाने घर दाखवू लागली. हे झुंबर यांच्या पसंतीचं. ते गुलाब यांनीच लावलेले. "येतीलच इतक्यात. तुम्हाला बघून खूश होतील."

डॉक्टरीण जमिनीकडे बघत राहिली. बुटकीचा नवरा गेला, तेव्हाच मुलाने आईचं राहतं घर मोडून तिला आपल्याकडे नेलं होतं. त्यानंतर तिचा चेहरा एवढा उजळलेला ग्रंथपालबाईने आज पहिल्यांदा पाहिला. हिला उठवायचं कुठल्या तोंडाने?

शेवटी बंद व्हायची घंटा झाली. दोघी उठल्या, तशी बुटकीही उठली आणि अनवाणीच दारापर्यंत पोचवायला आली.

"या हं पुन्हा. चित्रं घेऊन या. मी बघते कुठं चुकलीत ते."

डॉक्टरीण तोंड फिरवून झपाझप पायऱ्या उतरली. ग्रंथपालबाईचा पाय निघेना.

"तूच चल ना. आज माझ्याकडे राहायला ये."

"वेडी का काय तू! घर कुणावर टाकून येऊ?"

मागून पहारेकरी आला. त्याच्या हातात बुटकीच्या चपला होत्या. वाकून त्याने त्या तिच्या पायाशी ठेवल्या.

"ताई, तुम्ही निश्चिंत जा. घराकडे मी बघतो."

बुटकीने त्याला क्षणभर निरखलं. मग चपला घातल्या, मैत्रिणीचा हात धरला आणि एकेक पायरी उतरू लागली. फाटकापाशी मात्र थांबून तिने मागे वळून हाक दिली.

"हे आले की सांगाल ना? फार लांब गेलेली नाही म्हणावं."