पाठीचं माप

“आता वळा बाई,” शिलाईवाली म्हणाली, आणि मोठ्या बाई काही वळेनात.

शाळेच्या मुख्याध्यापिका त्या. अर्ध्या गावाने त्यांच्या हातच्या छड्या खाल्लेल्या; घाबरणं त्यांच्या स्वभावात कुठलं! पण आज आरशासमोर खिळल्यासारख्या उभ्या होत्या. छाती, कंबर, बाही, समोरून घ्यायची ती सगळी मापं झाली होती. राहिली होती फक्त पाठ.

दुकान पुन्हा उघडून आठवडा झाला, आणि हे पहिलंच गिऱ्हाईक. वर्षापूर्वी भरदुपारी याच दुकानात एक माणूस घुसला आणि शिलाईवालीच्या कात्रीने मेला. स्वतःचा जीव वाचवताना झालं, असं म्हणून कोर्टाने तिला निर्दोष सोडलं. पण बोलणाऱ्याच्या तोंडाला कोण हात लावणार? वार पाठीत होता ना! पाठमोऱ्या माणसापासून कसला आलाय जिवाला धोका? आत्ताही समोरच्या चहावाल्याच्या बाकावर चौघंजण चहा गार करत इकडेच बघत होते. मोठ्या बाई अशाच निघून गेल्या, तर दुकान कायमचं बंद. हे तिला पक्कं ठाऊक होतं.

“अंदाजाने घे ना,” मोठ्या बाई म्हणाल्या. “जुना कोट दिलाय की नमुन्याला.”

“तुमचा उजवा खांदा बोटभर उतरलाय. अंदाजाने शिवला तर पाठीला झोळ येईल. तसलं काम माझ्या हातून व्हायचं नाही. हवं तर दुसरीकडे टाका.”

आठवड्यातलं एकुलतं एक गिऱ्हाईक, आणि ही बया त्याला दार दाखवत होती!

मोठ्या बाईंनी एकदम विचारलं, “अगं, तो पाठमोरा होता ना?”

“होता.”

“मग?”

“दाराला आतून कडी घालायला वळला होता.”

मोठ्या बाई दाराकडे बघत राहिल्या.

“हे कोर्टात सांगितलंस?”

“तीनदा. पेपरात एकदाही आलं नाही.”

“खरं बोलतेयस?”

“कोर्टाला पटलं. तुम्हाला पटवायला माझ्याकडे वेगळं काही नाही, बाई. आणि मला रडून सांगता येत नाही. लोकांना त्याचाही राग आहे.”

मोठ्या बाईंनी तिला नीट न्याहाळलं, गृहपाठ घरी राहिला म्हणणाऱ्या मुलीला न्याहाळावं तसं. मग अगदी सावकाश, पाय सरकवत, त्या वळल्या.

शिलाईवालीला भरून आलं. पण कामाच्या वेळी काम. तिने टेप या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत धरली. बाईंचे खांदे कानांना भिडायचेच बाकी होते.

“खांदे सैल सोडा, बाई.”

“सोडलेत.”

“नाही सोडलेत,” शिलाईवाली म्हणाली, आणि टेप तशीच धरून उभी राहिली. “सावकाश सोडा. मला घाई नाही.”