मेणाची अकरावी डबी

त्र्यंबकरावांनी ताशी सत्तर मैलांवर गाडी चालवता चालवता खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि मोठ्यांदा आकडे मोजायला सुरुवात केली.

"अहो, डोकं आत घ्या!" शेजारून शरयूबाई ओरडल्या. त्यांना ते डोकं दिसत नव्हतं. पण नवऱ्याचा आवाज गाडीबाहेरून येतोय, एवढं कळायला डोळे लागत नाहीत.

"अठरा, एकोणीस... गेले!" त्र्यंबकराव आत आले. केस कपाळावर ओल्या शेवयांसारखे लोळत होते. "एकोणीस सेकंद. दहावी डबी फेल."

खोटं वाटत असेल तर अमेरिकेतल्या नोव्हाय गावात कुणालाही विचारा. दोन हजार चार सालची गोष्ट आहे. हा माणूस एकतीस वर्षं डेट्रॉइटच्या मोटारींवरून वारा कसा वाहतो ते मोजत होता. रिटायर झाला, आणि तीन आठवड्यांपूर्वी एकाएकी स्वतःच्याच डोक्याच्या मागे लागला. केस जन्मापासून रेशमासारखे बारीक. आता बारीक आणि मोजके. ते बसवायला त्यांना पोमेड, म्हणजे केसांना लावायचं घट्ट मलम हवं होतं, तेही नैसर्गिक मेणाचं. पेट्रोलियमचं नको, बारीक केस चिप्प होतात. जेल नको, केसांच्या काड्या होतात. त्यांनी कॉम्प्युटरवर तक्ता केला: पकड, चमक, वास, वारा. पहिल्या डबीला सकाळी माशी चिकटली, ती दुपारच्या चहाला सुटली. चौथी लावून झोपले, तर सकाळी डोक्याबरोबर उशीही उठली. सहावीचा वास इतका गोड, की शेजारचा कुत्रा दोन दिवस अंगणातून हलेना.

शरयूबाईंच्या डोक्याचं मात्र भुसकट झालं होतं. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. सात वर्षं. "पिकल्याशिवाय काढायचा नसतो," असं त्यांच्या आईनं साताऱ्याला सांगून ठेवलं होतं, आणि अमेरिकेतला एकही डॉक्टर त्यांच्या आईपेक्षा मोठा नव्हता. आता तो असा पिकला, की समोरचं माणूस म्हणजे नुसता धुरकट खांब. तीन आठवड्यांपूर्वी ठरलेलं उजव्या डोळ्याचं ऑपरेशन उद्या. डॉक्टरनं आज तपासून स्पष्टच सांगितलं होतं: फार उशीर केलात, दिसेलच अशी गॅरंटी देत नाही. आणि हा माणूस डोळ्याबद्दल चकार शब्द काढेल तर शपथ!

घरी जायचं सोडून गाडी शेतकऱ्यांच्या बाजारात थांबली. त्र्यंबकरावांनी बायकोला कोपराला धरून एका टेबलाशी आणलं. टेबलामागे मधमाश्या पाळणारी एक गोरी म्हातारी बसली होती. तिच्याकडे मध होता, मेणबत्त्या होत्या आणि हातानं बनवलेल्या पोमेडच्या डब्या होत्या. त्र्यंबकरावांनी तिला दहा डब्यांचा इतिहास ऐकवला. म्हातारीनं त्यांचे केस बोटांत धरून पाहिले.

"याच्या आधी काय लावता?"

"नथिंग."

"काहीच नाही?"

"काहीच नाही. फक्त खोबरेल."

म्हातारी त्यांच्याकडे बघतच राहिली. त्र्यंबकराव गोंधळले. खोबरेल लावणं म्हणजे काहीतरी लावणं, हे सदुसष्ट वर्षांत त्यांच्या मनाला शिवलं नव्हतं. दात घासले म्हणून कुणी मेकअप केला म्हणतं का? मग हळूहळू आतला इंजिनियर जागा झाला. तेलावर मेण! ते टिकणार कसं? दहाच्या दहा डब्या बिचाऱ्या घसरून मेल्या होत्या.

"दोनदा शांपू करा," म्हातारी म्हणाली. "केस पुरते वाळवा. अर्ध्या वाटाण्याएवढं घ्या, तळहातात चोळून ऊब द्या, आणि मुळाकडून वर न्या."

"अकरावी द्या!" त्र्यंबकराव लहान मुलासारखे खूश झाले.

तिथं शरयूबाईंचा बांध फुटला.

"अहो, काही लाज आहे का? उद्या माझा डोळा कापणार आहेत. दिसेल न दिसेल, देवाला ठाऊक. मी इथं जीव मुठीत धरून उभी, आणि तुम्हाला केसांची पडलीय! या वयात कोण बघणार आहे हो तुमच्याकडे?"

त्र्यंबकरावांनी पैसे मोजले. डबी खिशात घातली. घरापर्यंत त्यांचं डोकं गाडीच्या आतच होतं.

ऑपरेशन झालं. शुक्रवारी सकाळी पट्टी सुटायची होती. त्र्यंबकराव साडेपाचपासून बाथरूममध्ये. शांपू एकदा, शांपू दोनदा, मग ड्रायरची घरघर. शरयूबाई एका डोळ्यावर पट्टी आणि दुसऱ्यात धुकं घेऊन दिवाणखान्यात बसल्या होत्या. जन्माला येऊन असला नवरा मिळाला म्हणून दात खात होत्या.

डॉक्टरनं पट्टी काढली. डोळ्यात थेंब घातले. समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता.

"सगळ्यात वरची ओळ वाचा."

शरयूबाई वाचेनात. डॉक्टरनं पुन्हा सांगितलं. डॉक्टरच्या कपाळाला आठी पडली.

बाईंची नजर तक्त्यावर नव्हती. तक्त्याशेजारी एक म्हातारा उभा होता. पोट आत ओढून, हात पाठीमागे बांधून, शाळेच्या ग्रुप फोटोत उभं राहावं तसा. गाल बसलेले. होते तेवढे सगळे केस मागे वळवलेले, एकूणएक जागच्या जागी. सात वर्षांत या माणसाचा त्यांनी फक्त आवाज ऐकला होता.

"मॅडम, काहीतरी दिसतंय का?"

"किती विरळ झाले हो तुमचे केस," शरयूबाई मराठीत म्हणाल्या. "पण बसवलेत छान."

डॉक्टर काळजीनं त्र्यंबकरावांकडे वळला. "काय म्हणतायत त्या?"

त्र्यंबकरावांनी पोट सोडलं. तीन आठवडे कोंडलेला श्वासही सोडला.

"ती म्हणतेय, सगळं दिसतंय."