सुक्याबरोबर ओलं

डॉक्टरीणबाईंनी त्याच्या डाव्या डोळ्यावर पट्टी लावली आणि विचारलं, "सांगा, काय दिसत नाहीये?"

न दिसणारी वस्तू सांगायची म्हणजे पंचाईतच. पण काल त्याला उत्तर पटकन सुचलं होतं. पलंगाशी बसलेल्या बायकोकडे बघून तो म्हणाला होता, "हिचं नाक."

"ते तुम्हीच कापलंत," बायको म्हणाली होती, "चष्मा कपाळावर चढवून."

त्यात खोटं काही नव्हतं. कारखान्यात लेझर जुळवणं हे त्याचं काम. संरक्षक चष्मा लावला की डोळे वाचतात, पण किरण दिसत नाही. आणि किरणच दिसला नाही तर जुळवायचा काय, कपाळ? म्हणून त्या खात्यात सगळे चष्मा कपाळावरच घालत. कपाळं आजवर सगळ्यांची सुखरूप होती.

आज मात्र त्याने नुसती डाव्या डोळ्यावरची पट्टी चाचपली. डावा डोळा लहानपणापासून अधू, नावाला डोळा. जे काही बघणं होतं ते उजव्याच्या जिवावर, आणि किरण घुसला तो नेमका त्यातच.

"औषध नक्की करतं काय हो?" बायकोने सलाईनच्या बाटलीकडे बघत विचारलं.

"भाजलेल्या पेशी गेल्या, त्या परत येत नाहीत. पण मरताना त्या शेजारच्यांनाही घेऊन जातात."

"सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणा की."

"हो, तसंच. औषध ओलं वाचवण्यासाठी."

"वाचतं?"

"उंदरांचं वाचलंय."

"आणि माणसांचं?"

"माणसांवर मुद्दाम लेझर मारता येत नाही ना. असं कुणी आपणहून आलं, तरच कळतं."

"म्हणजे आमच्या यांचे उपकारच झाले."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "नजरेसमोरचा तो काळा डाग वाढत असेल तर सलाईनने भागणार नाही. औषध थेट डोळ्यात द्यावं लागेल. आणि आजच."

"डोळ्यात म्हणजे... थेंब?" त्याने विचारलं.

"सुई."

सिस्टरच्या ट्रॉलीवरच्या ट्रेमध्ये काहीतरी किणकिणलं. त्याने पलंगाची कड घट्ट धरली.

"कालच्यापेक्षा डाग मोठा वाटतोय का लहान?"

"लहान," तो म्हणाला. "बराच लहान. नाक छान दिसतंय हिचं."

"छान. सिस्टर, ट्रे राहू दे मग."

ट्रॉली दाराबाहेर गेली. चाकांचा आवाज पार व्हरांड्याच्या टोकापर्यंत त्याने कान देऊन ऐकला आणि कड सोडली.

बायकोच्या डोळ्यांना धार लागली. तोंडावर रुमाल दाबून ती आवाज न करता रडत राहिली; नुसते खांदे हलत होते. त्याने तिच्याकडे मान वळवली, अगदी समोरासमोर.

"बघा डॉक्टर," तो खुशीत म्हणाला, "आत्ता कुठे हसली बघा!"

डॉक्टरीणबाईंनी बायकोकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. मग त्या उठून दारापर्यंत गेल्या.

व्हरांड्याच्या टोकाला चाकं थांबली, आणि वळली.